धोमच्या पाण्यावर जुनं कॅटमरान : डागडुजी, डोलकाठी आणि तारा

मेणवलीकर (धागाकर्ता) · ११ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

वाईजवळ आमच्या मोठ्या मामांची शेती आहे. गोठ्यामागच्या पडवीत, कडब्याच्या पेंढ्यांखाली, दोन लांबट, केळीसारख्या वाकलेल्या फायबरच्या नावा पंचवीसेक वर्षं पडून होत्या. लहानपणी आम्ही भावंडं त्यांच्यावर बसून घोडा-घोडा खेळायचो. यंदा पडवी पाडायची ठरली आणि माल भंगारात द्यायची वेळ आली, तेव्हा मामा काठी टेकत बाहेर आले. ते एवढंच म्हणाले, "ती टाकायची नाही. ती धोमावर चालायची."

मामा बोटीवर नोकरीला होते. १९८०च्या दशकात त्यांनी हे कॅटमरान, म्हणजे दोन नावा जोडलेली शिडाची होडी, मुंबईत जुनं विकत घेतलं, ट्रकवर घालून वाईला आणलं आणि चार-पाच उन्हाळे धोम धरणाच्या जलाशयावर चालवलं. पुढे पाठीने दगा दिला आणि सगळं तिथंच थांबलं. आता ते ७९ वर्षांचे आहेत. होडी पुन्हा पाण्यावर गेलेली त्यांना काठावरून पाहायची आहे. त्यासाठी हा धागा.

होडी म्हणजे होबी कॅट १४. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणारे होबी आल्टर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ती बाजारात आणली. लांबी सुमारे १४ फूट, रुंदी साडेसात फुटांच्या थोडी वर, डोलकाठी साधारण २२ फूट. शीड एकच, पुढचं छोटं शीड नाही. ती एका माणसाने चालवायची होडी आहे. नंतर आलेली १६ फुटी जगभर लाखाच्या वर खपली आणि ही चौदा फुटी मागे पडली. आपल्या भागात दुसरी असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

जागेवर काय काय आहे ते सांगतो. दोन्ही नावा आहेत, डावीच्या डेकवर एका जागी बोट दाबलं की दबतं. ॲल्युमिनियमची चौकट शाबूत आहे. डोलकाठी सरळ आहे, पण रिव्हेटांभोवती पांढरी पूड धरली आहे. शीड गोणपाटात गुंडाळलेलं होतं, उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडलं आहे. दोन नावांमधली बसायची जाळी हाताने फाटते. तारा दिसायला चकचकीत आहेत. सुकाणूची दोन्ही पाती आहेत.

सुरुवात कुठून करू?

खाडीकाठ · १२ जानेवारी, सकाळी ७:१५

वाचून फार बरं वाटलं. मी राजापूर तालुक्यातला, खाडीवर वाढलेला. आमच्याकडे होडीला बाजूने लाकूड बांधून तोल धरतात, त्याला उलांडी म्हणतात. कॅटमरानची कल्पना तिच्याच नात्यातली: एका होडीला उलांडी लावण्याऐवजी दोन सारख्या होड्याच एकमेकींना बांधायच्या. शब्द मात्र तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. पूर्व किनाऱ्यावर ओंडके बांधून केलेल्या तराफ्याचं हे नाव. इंग्रजांनी ते उचललं आणि पुढे दोन नावांच्या होडीला चिकटलं.

कामाचं सांगतो. रंग, शीड, जाळी या कशालाही आधी हात लावू नका. एक रुपयाचं नाणं घ्या आणि नावेवर पुढून मागे, दर दोन बोटांवर ठोकत जा. निरोगी जागेवर टणक, कोरडा आवाज येतो. जिथं आतले थर सुटलेत तिथं आवाज बद्द होतो. त्या जागा पेन्सिलीने घेरून ठेवा. आमच्याकडचे जुने तांडेल लाकडी होडीवरही असंच करायचे, फक्त नाण्याऐवजी लाकडी मोगरी. अर्ध्या तासात कळेल होडी आहे की नुसता सांगाडा.

फायबरवाला_कुपवाड · १२ जानेवारी, दुपारी १:०५

मेणवलीकर, माझं कुपवाड एमआयडीसीत फायबरचं काम आहे. टाक्या, पत्रे, आणि २०१९च्या महापुरानंतर होड्या पण बऱ्याच केल्या. त्या वेळी सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि नीट होडी म्हणजे काय, हे गावोगाव कळलं. त्यामुळं जे सांगतो ते मनापासून सांगतो.

तुमची नाव नुसत्या फायबरची नाही. बाहेर फायबरचा पातळ थर, मधी फोम, आत परत पातळ थर. म्हणून एवढी हलकी. दबतंय तिथं बाहेरचा थर फोमपासून सुटलाय. लोक काय करतात, वरून दोन थर मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि पॉलिएस्टर रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) थापतात. तसं करू नका. वजन वाढतंय आणि खालचा सुटलेला थर सुटलेलाच राहतोय.

बरोबर पद्धत अशी. घेरलेल्या भागात दर एक इंचावर ३ मिलिमीटरचं भोक, फक्त बाहेरच्या थरातून. ड्रिलला टेप गुंडाळून खोली बांधून घ्या, आतला थर फुटला तर सगळं रेझिन नावेच्या पोटात जाईल. मग आठवडाभर तरी सुकवा, दिवसा ऊन आणि रात्री जवळ बल्ब. ओल राहिली तर पुढचं सगळं फुकट. नंतर पातळ इपॉक्सी (दोन भाग कालवून वापरायचं रेझिन) सिरिंजनं सगळ्यात खालच्या भोकातून भरायचं. शेजारच्या भोकातून वर आलं की ते टेपनं बंद करायचं आणि पुढं सरकायचं. शेवटी वर प्लास्टिकचा कागद, त्यावर वाळूच्या पिशव्या, आणि एक दिवस हात लावायचा नाही.

आणि एक. इपॉक्सी वापरणार असाल तर बाजारात मिळणारी साधी चॉप्ड मॅट घेऊ नका. तिच्यातले धागे ज्या चिकट पावडरनं धरलेले असतात ती पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमधी विरघळते. इपॉक्सीत स्टायरीन नाही, मॅट कडकच राहते. विणलेलं कापड घ्या. इपॉक्सीवर जेलकोट (फायबरवरचा रंगीत, चकचकीत थर) पण नीट बसत नाही, वर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंगच द्यायचा. रंग पाहिजेच, उन्हात उघडं इपॉक्सी टिकत नाही.

शिडाची_दिशा · १२ जानेवारी, रात्री ९:३०

मी मुंबई बंदरात शिडाच्या होड्या शिकलो आणि काही वर्षं सोळा फुटी चालवली आहे. फायबरबद्दल वर जे लिहिलंय ते अगदी योग्य आहे. मला काळजी वाटते ती तुमच्या "तारा चकचकीत आहेत" या वाक्याची.

स्टीलची तार बाहेरून चकचकीत राहून आतून तुटते. या होडीची डोलकाठी स्वतःच्या ताकदीवर उभी नसते. खाली एका वाटीत टेकलेली असते आणि तीन तारांवर उभी असते: दोन बाजूंना दोन आणि पुढे एक, ती खाली दुभंगून दोन्ही नाळींना, म्हणजे नावांच्या पुढच्या टोकांना, जाते. एक तार तुटली की २२ फुटांची काठी खाली येते, आणि खाली तुम्ही बसलेले असता. पंचवीस वर्षं पडलेल्या तारा तपासत बसू नका, सगळ्या बदला. पिना, रिंगा, शॅकल यांसकट.

तार १×१९ जातीची घ्या, म्हणजे एकोणीस धाग्यांची सरळ पिळाची. ती कमी ताणते. मऊ ७×१९ शीड चढवायच्या तारेसाठी असते, डोलकाठी धरायला नाही. स्टील ३१६. जुन्या तारेचं माप ताणून, एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या पिनेच्या मध्यापर्यंत घ्या. दोन्ही बाजूच्या तारा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत.

पाचगणी_उतार · १३ जानेवारी, सकाळी ८:००

एवढा खर्च कशाला? वर रंग मारून मामांना काठावर फोटो काढून दिला तरी त्यांना आनंदच होईल. वय बघता ते काही चालवणार नाहीत.

मेणवलीकर · १३ जानेवारी, रात्री ११:१०

@पाचगणी_उतार, तुमचा हेतू चांगला आहे हे समजतं. पण मामा बोटीवर आयुष्य काढलेला माणूस आहे, रंगवलेली होडी आणि चालणारी होडी यांतला फरक त्यांना काठावरून कळेल. फोटोसाठी मी हे करत नाही.

@शिडाची_दिशा, तुमचा प्रतिसाद मामांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्याला सांग, बरोबर आहे. शीड नंतर बघ, आधी तारा." तेव्हा तारा सगळ्या बदलणार.

नाणं ठोकून झालं. उजवी नाव जवळपास पूर्ण निरोगी. डावीच्या डेकवर चौकटीच्या पुढच्या खांबाच्या पुढे साधारण दीड फूट लांब आणि एक वीत रुंद भाग बद्द बोलतो. नाण्याचा आवाज एका इंचात बदलतो, हे हाताने केल्याशिवाय खरं वाटलं नसतं.

स्वाती_सातारा · १४ जानेवारी, सकाळी १०:२०

संक्रांतीच्या शुभेच्छा! दोनच गोष्टी. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो, आधी लेखी परवानगी घ्या. आणि लाइफ जॅकेट शिवाय एकही माणूस पाण्यावर नको, पट्टीचा पोहणारासुद्धा. २०१९च्या पुरात ब्रह्मनाळला होडी उलटली तेव्हा मी त्या भागात मदतीला होते. त्यानंतर या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

मेणवलीकर · २ फेब्रुवारी, रात्री १०:००

अर्ज दिला आहे, जॅकेट दोन घेतली.

डाव्या नावेला भोकं पाडली. बारा दिवस सुकवली. पहिल्या तीन दिवसांत भोकांच्या कडांना ओल दिसत होती, नंतर थांबली. काल इपॉक्सी भरलं. कुपवाडच्या दादांनी फोनवर सांगितलं होतं की एका वेळी पन्नास-साठ ग्रॅमच कालवा आणि उथळ ताटलीत ठेवा, कारण खोल भांड्यात ते स्वतःच्याच उष्णतेनं तापतं आणि लगेच धरतं. तरी एकदा मी डब्यात जास्त कालवलं. सात-आठ मिनिटांत डबा हाताला चटका देऊ लागला आणि वाफ निघाली. तो बाहेर मातीवर ठेवून दिला. पुढचं सगळं ताटलीत केलं.

आज सकाळी पिशव्या काढून नाणं ठोकलं. सगळीकडे टण्. एका कोपऱ्यात दोन इंच जागा अजून बद्द आहे, तिथं पुन्हा भरीन.

नावांचे तळ घासून पातळ झालेत, कारण या होडीला मध्ये खाली सोडायची फळी नाही, किनाऱ्यावर ओढली की तळच घासतो. फळी नसूनही ती वाऱ्यात आडवी का वाहून जात नाही, हे मामांनी पडवीत जमिनीवर खडूने काढून दाखवलं. प्रत्येक नावेची बाहेरची बाजू जवळपास सपाट आणि आतली फुगीर आहे. वाऱ्याने होडी कलली की खालच्या बाजूची नाव जास्त बुडते आणि तिची फुगीर बाजू पंख्याच्या पात्यासारखं काम करून होडीला वारा येतो त्या बाजूला खेचते. म्हणून तळाची कड धारदारच ठेवायची, गोल करायची नाही.

फायबरवाला_कुपवाड · ३ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

लई भारी. आता गळती बघा. नावेच्या मागच्या बूचाच्या भोकाला नळी लावा आणि तोंडानं फुंका, नाहीतर व्हॅक्यूम क्लिनरची उलटी हवा हलकेच द्या. सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की जागा सापडली. कॉम्प्रेसर लावू नका. त्याच्या दाबानं डेकचा सांधा उघडतो, मग तुम्ही भरलेलं इपॉक्सी पण वाचत नाही. डेकवर कुठंतरी हवा जायचं बारीक भोक असतंय, तपासणीपुरतं ते टेपनं बंद करा, पण नंतर टेप काढायला विसरू नका. उन्हात आतली हवा फुगते, तिला वाट पाहिजे.

मेणवलीकर · १९ फेब्रुवारी, रात्री ९:२०

गळती दोन ठिकाणी होती: मागच्या बूचाभोवती आणि उजव्या नावेच्या पुढच्या खांबाच्या मुळाशी. दोन्ही बुजवल्या. रंग पांढराच, मामांच्या आग्रहाने कडेला एक निळी रेघ.

तारांची गोष्ट सविस्तर लिहितो, कारण इथं मी फसता फसता वाचलो. मापं देऊन एका दुकानातून तयार तारा मागवल्या. आल्या त्या सुंदर होत्या. मामांनी एक हातात घेतली, टोकाच्या वेढ्यावर दाबून बसवलेली नळी नखाने खरवडली आणि बाजूला ठेवली. "ॲल्युमिनियम आहे," ते म्हणाले. स्टीलच्या तारेवर तांब्याची नळी लागते. ॲल्युमिनियम आणि स्टील ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि ते नळीच्या आत, जिथं डोळा पोचत नाही. हीच पांढरी पूड डोलकाठीच्या रिव्हेटांभोवती होती, तेव्हा ओळखायला हवं होतं मला.

तारा परत केल्या. मग मुंबईत नागदेवीच्या बाजारात जाऊन ३ मिलिमीटरची ३१६ तार, थिंबल (तारेच्या वेढ्यात बसणारी धातूची खोबण) आणि तांब्याच्या नळ्या आणल्या. दाबायचं हत्यार @शिडाची_दिशा यांनी स्वतः पाठवलं, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही. प्रत्येक टोकाला दोन नळ्या. हातोडीने एकही ठोकलेली नाही.

शिडाची_दिशा · १९ फेब्रुवारी, रात्री १०:०५

आभार नकोत, हत्यार कपाटात पडून होतं. मामांना माझा नमस्कार सांगा. ती नळी नखाने ओळखणारी माणसं आता कमी आहेत.

आता एक अतिशय गंभीर गोष्ट. तुमची डोलकाठी अख्खी ॲल्युमिनियमची आहे. अमेरिकेत डोलकाठी विजेच्या तारांना लागून माणसं दगावली, म्हणून १९८०च्या दशकात सोळा फुटीच्या काठीचा शेंडा वीज न वाहणाऱ्या फायबरचा करण्यात आला. तुमच्या काठीला तो नाही. २२ फूट काठी, खाली चौकट, खाली गाडा, असा शेंडा जमिनीपासून सात मीटरच्या वर जातो. रस्ता ओलांडणाऱ्या ११ केव्हीच्या तारांची किमान उंची ६.१ मीटर असते. हिशेब तुम्हीच करा. काठी उभी केलेली होडी गाड्यावरून एक पाऊलही न्यायची नाही. आधी काठावर जाऊन वर बघा, मग जागा ठरवा.

बावधनचा_पोरगा · २० फेब्रुवारी, सकाळी ७:४०

हे अगदी खरं आहे. आमच्या जत्रेतल्या बगाडाच्या, म्हणजे बैल ओढतात त्या गाड्याच्या, लांब लाकडालाही शीडच म्हणतात. रंगपंचमीला ते गावातून फिरतं तेव्हा वर बघणारी माणसं वेगळी नेमलेली असतात. तुम्हीही एक माणूस फक्त वर बघायला ठेवा, त्याच्या हातात दुसरं काम देऊ नका. रविवारी येतो मी, हवं तर.

मेणवलीकर · ८ मार्च, रात्री ११:३०

@बावधनचा_पोरगा आले, आणि वर बघायचं काम त्यांनीच केलं.

काठाला जायच्या वाटेवर एक लाइन आडवी जाते. तिच्यापासून दोनशे पावलं पुढे, मोकळ्या उतारावर जागा धरली. काठी उभी करण्याआधी तिची दोन्ही टोकं फोमने बंद केली होती आणि काठावरच्या पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले. काठी हवाबंद नसेल तर होडी उलटल्यावर तिच्यात पाणी भरतं, होडी पार पालथी होते आणि काठीचा शेंडा तळाच्या गाळात रुततो.

आधी बाजूच्या दोन तारा जोडल्या. एकाने काठीचा पाय वाटीत धरून ठेवला, मी जाळीवर उभा राहून काठी खांद्यावरून वर ढकलत नेली, तिसऱ्याने पुढची तार ओढून पिन घातली. उभी होताच सगळे गप्प झाले. वाऱ्याने तारा हलकेच गुणगुणत होत्या.

शीड वाईतल्या ताडपत्री शिवणाऱ्या काकांनी दुरुस्त केलं. त्यांनी पॉलिएस्टर दोऱ्याची नागमोडी शिवण घातली, सरळ घालू नका अशी विनंती केली होती, कारण सरळ शिवण ताण आला की कापड फाडते. मधली जाळीही त्यांचीच.

दुपारी दोननंतर कमळगडाच्या बाजूने वारा आला. मी एकटा निघालो, बावधनचे दादा मोटरच्या होडीत मागे होते. पहिली पन्नास मीटर होडी इतकी अलगद गेली की पाण्याचा आवाजच फक्त वाढला. मग वाऱ्यासमोरून वळायला गेलो आणि नाळ वाऱ्यात अडकली. पुढचं शीड नाही, त्यामुळे नाळ पलीकडे ढकलायला काही नसतं. होडी उभीच राहिली, मग मागे सरकू लागली. काठावरून मामांचा आवाज आला: "सुकाणू उलटं कर! मागं जातीये, मागं जाऊ दे!" होडी मागे जाताना सुकाणू उलटं चालतं. ते उलटं वळवलं आणि नाळ हळूहळू पलीकडे पडली. पुढची वळणं मी आधी वेग घेऊन, मागे सरकून बसून, नाळ वाऱ्याला आली की शिडाचा दोर थोडा सैल सोडून घेतली. पाचांपैकी तीन जमली.

एकदा मुद्दाम काठाजवळ उलटवली. वरच्या नावेवरून दोर घेऊन, खालच्या नावेवर उभं राहून मागे झुकलो. नाळ वाऱ्याकडे असेल तरच उठते. दुसऱ्या प्रयत्नात उठली. काठी वर तरंगत राहिली होती.

परत आल्यावर दोन्ही बूचं काढली. उजव्या नावेतून काहीच नाही, डावीतून पेलाभर पाणी निघालं.

खाडीकाठ · ९ मार्च, सकाळी ६:५०

पेलाभर म्हणजे काहीच नाही. आणि मामा काय म्हणाले?

मेणवलीकर · ९ मार्च, सकाळी ८:१५

काठावर खुर्ची टाकून बसले होते, गुडघ्यावर टॉवेल. होडी वर ओढली तेव्हा उठले आणि डावीच्या डेकवर, भरलेल्या जागी, हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग शिडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वरून तिसऱ्या पट्टीपाशी मागची शिवण उसवतीये. पाण्यातूनच दिसत होती. उतरव आणि उद्याच काकांकडे दे."

उतरवून पाहिलं. वरून तिसरी पट्टी, चार टाके सुटले आहेत. आता निघालोच आहे काकांकडे.